तार ढिली पडेना

१

ट्राउट माशांच्या हंगामाचा शेवटचा दिवस आला की बोर्तोलो आणि फेर्मो रोन्की हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत. बाकीचं वर्षभर ते एकमेकांबद्दल बोलत, आणि पुष्कळ बोलत.

कारण साधं होतं. वाल्सेर्का गावात सरोवराचं पाणी घराण्याघराण्यांत वाटलेलं आहे. टेकडीवरच्या चर्चचा मनोरा आणि पलीकडची पडकी चुनाभट्टी, या दोन खुणांमधला पाण्याचा पट्टा रोन्कींचा. त्याला लागून त्सानेत्तींचा. शरदात हंगाम संपतो, त्या दिवशी प्रत्येक घराण्यानं आपला पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पार करायचा. एकानं वल्ही मारायची, दुसऱ्यानं नावेमागे सोडलेली गळाची तार धरायची, आणि दोघंही एकाच रक्ताचे हवेत. मधेच नाव माघारी फिरवली किंवा तार कापली, तर पट्टा शेजाऱ्याचा. हे कुठेही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर अपील करता येत नाही. फेर्मोचा उभा जन्म प्रवासी बोटीच्या तिकीटखिडकीमागे गेला होता. लिहिलेल्या नियमांना किती भोकं असतात हे त्यानं जवळून पाहिलेलं, म्हणून या एका नियमाचा त्याला आदर वाटे.

वडिलांचं घर वाटणीत विकलं गेलं होतं. रोन्की हे नाव गावात आता दोनच ठिकाणी उरलं होतं, दफनभूमीतल्या दगडांवर आणि या पट्ट्यावर. दोघाही भावांना मूलबाळ नव्हतं. मग पट्टा राखायचा तो कुणासाठी? या प्रश्नाचं उत्तर मात्र दोघं एकमतानं देत. त्सानेत्तींना मिळू नये यासाठी.

त्या सकाळी सरोवरावर धुकं होतं. धक्क्यावर बोर्तोलो आधीच नावेत बसलेला, पाठमोरा, लाकडी चाकावर गुंडाळलेली तांब्याची तार मांडीवर घेऊन.

"आलास का?" तो मान न वळवता म्हणाला. "मला वाटलं, आज खिडकी बंद."

"वल्ही माझ्याकडे का? मागच्या वर्षीही मीच मारली."

"तार धरायला बोटात जाण लागते. तिकिटं फाडून ती येत नाही."

धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला तुल्लिओ त्सानेत्ती पुतण्याला घेऊन आपल्या नावेत उतरत होता. त्यानं टोपी काढली. "काय रे रोन्की मंडळी! दोघं एका नावेत? जीवरक्षक जाकिटं घेतलीत ना, पाण्यासाठी नव्हे, एकमेकांसाठी?"

"तू तुझी नाव सांभाळ, तुल्लिओ," बोर्तोलो म्हणाला. "आमच्या पाण्यात तुझं वल्हं दिसलं तर त्याच वल्ह्यानं तुला परत पाठवीन."

"तुमच्या पाण्यात? आज दुपारपर्यंत तरी तुमचंच आहे म्हणा." तुल्लिओ प्रसन्नपणे म्हणाला.

२

वल्ही मारणारा नावेच्या मागच्या बाजूला तोंड करून बसतो आणि तार धरणारा त्याच्याकडे पाठ करून, शेवटच्या फळीवर. त्यामुळे फेर्मोसमोर संपूर्ण पट्टाभर भावाची पाठ होती. चेहऱ्यापेक्षा ती बरी, असं त्याचं मत होतं.

बोर्तोलोनं तार सोडायला सुरुवात केली. मुख्य तारेला ठरावीक अंतरावर फाटे असतात, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला चमचा. चमचा म्हणजे पितळेची पानासारखी ठोकलेली पट्टी, मागे गळ. नाव पुढे गेली की चमचे पाण्यात गरगरतात आणि जखमी मासोळीसारखे चमकतात. तारेचं शेवटचं टोक नावेच्या कडीला बांधलेलं. उरलेलं काम तर्जनीचं. तार बोटावरून जाऊ द्यायची आणि खाली काय चाललंय ते ऐकत बसायचं.

"हे जुनेच चमचे?" फेर्मोनं विचारलं.

"मग? चांगला एकच होता. तो तुझ्या घरी आहे."

हा विषय दर वर्षी निघे. वडिलांनी आईच्या फुटक्या कॉफीच्या किटलीच्या पत्र्यातून एक चमचा ठोकला होता, कडेला किटलीच्या नक्षीचं अर्धं फूल राहिलेला. त्याच्यावर ट्राउट हटकून येई. वडील गेले त्या आठवड्यात चमचाही गेला. तो दुसऱ्यानं लांबवला याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती.

"माझ्या घरी नाही. तुझ्या घरी आहे."

"चिडू नकोस. ट्राउटसारखं करू नकोस." बोर्तोलो मजेत आला होता. "या दिवसांत अंडी घालायची घाई असते, ट्राउट खात नाही, ठाऊक आहे ना? पोटात भूक नसते. तरी चमच्यावर तुटून पडतो. का? तर माझ्या हद्दीत हा कोण चमकतोय, या रागानं. फुकट राग."

"मी चिडलेलो नाही."

"हा बघ, लागलास गळाला."

फेर्मोनं वल्हं जरा जोरात मारलं. बोर्तोलोच्या पाठीवर पाणी उडालं. त्यानं ते पुसलं नाही, आणि त्याचा अर्थ दोघांनाही कळला.

मनोरा धुक्यात गेला. वल्ह्यांच्या खुंट्यांची करकर आणि थेंबांचा आवाज, एवढंच उरलं. चष्म्यावर बाष्प साचलं म्हणून फेर्मोनं वल्ही वर घेतली आणि चष्मा पुसू लागला. नाव हळूहळू थांबली.

नाव थांबली की तार खाली बसते. शिशाचं वजन असतं तिला. तिरकी असते ती उभी होते, ढिली पडते. फेर्मोनं हे लहानपणापासून इतक्यांदा पाहिलं होतं की तो ते पाहतच नसे.

चष्मा लावून त्यानं वर पाहिलं. तार तशीच तिरकी होती, ताणलेली.

३

"तळाला अडकली वाटतं," तो म्हणाला.

"इथे? बाबा काय म्हणायचे? इथे तळ नाही, इथे नुसतं खाली आहे."

"मग वारा असेल. नाव सरकत असेल."

नावेजवळ चेस्टनटचं एक पिवळं पान पाण्यावर पडलं होतं. ते जागचं हलत नव्हतं. नावही पानाजवळून हलत नव्हती. फेर्मोनं पानाकडे पाहिलं, मग तारेकडे, मग पुन्हा पानाकडे, जणू तिकिटावरचा आकडा आणि हातातली मोड जुळत नाहीये.

"मागे घे नाव," बोर्तोलो म्हणाला.

"माघारी फिरवली म्हणेल तुल्लिओ."

"फिरवू नकोस. नुसती मागे घे. चार हात."

फेर्मोनं उलटी वल्ही मारली. नाव तारेच्या दिशेनं गेली. आता तरी तारेला झोल पडायला हवा होता. पडला नाही. तार जितकी ताठ होती तितकीच राहिली, त्याच कोनात. म्हणजे दुसऱ्या टोकाला जे काही होतं, ते नावेइतकंच मागे सरलं होतं, ना कमी ना जास्त.

त्यानं पुढे वल्ही मारली. तेही पुढे आलं.

"मासाच आहे," बोर्तोलो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"मासा झटके देतो. हा काय आपल्याबरोबर फिरायला निघालाय?"

"मोठा मासा."

"केवढा?"

बोर्तोलोनं बोटावरच्या तारेकडे मान खाली घालून बराच वेळ लक्ष दिलं. "शिस्तीचा," तो म्हणाला.

फेर्मोला हसू आलं नाही. पाण्यात प्रवाह असतील, वरचा एक आणि खालचा एक. तार खालच्या प्रवाहात गेली असेल. असं कुठेतरी वाचल्याचं त्याला आठवत होतं. वाचलं नसेल तर वाचायला हवं होतं, असं त्याला आता तीव्रतेनं वाटू लागलं.

"गुंडाळून घे," तो म्हणाला.

"गुंडाळतोच. तू वल्ही सोडू नकोस. आणि तोंड बंद ठेव."

४

तार सहज येत होती. वजन नव्हतं. ती नावेत येत होती आणि तरीही पाण्याकडची बाजू ताठच होती, कुणी मोजून देत असल्यासारखी.

पहिला फाटा आला. बोर्तोलो थांबला.

"तू हात लावलास याला?"

"तारेला? तुझ्या तारेला हात लावला तर तू मनगटापासून तोडशील."

"ही गाठ माझी नाही."

फेर्मो पुढे वाकला. चमचा त्यांचाच होता. पण गाठ वेगळी होती, अतिशय सुबक. उरलेलं टोक अगदी गाठीशी तुटलेलं होतं. सुरीनं कापलं की टोक सपाट येतं. हे चेपलेलं होतं.

"घरीच बांधली असशील आणि विसरलास," फेर्मो म्हणाला. "वय झालं तुझं."

"दातानं तार तोडतो का मी?"

पुढचा फाटा नावेत आला नाही. तो मागच्या फळीपासून हातभर अंतरावर पाण्यात राहिला. बोर्तोलोनं तार ओढणं थांबवलं होतं आणि आत, हिरव्या पाण्यात, चमचा फिरत होता.

फिरत होता हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण चमचे फिरतातच. ते नाव चालू असताना.

मग त्याची कड वर आली आणि दोघांनाही नक्षीचं अर्धं फूल दिसलं.

"चोर!" बोर्तोलो म्हणाला. हे त्यानं हळू आवाजात, जवळजवळ कौतुकानं म्हटलं. "बाप मेला त्या आठवड्यात उचललास. इतकी वर्षं ठेवलास. आणि आज मला हिणवायला गुपचूप बांधलास?"

"मी? तार रात्रभर तुझ्या घरी होती! तू बांधलास. माझ्या तोंडावर नाचवायला. काढ तो, माझा आहे."

"तुझा?"

"बाबांनी मला देईन म्हटलं होतं."

"तुला तर ते पट्टाही देणार होते! मरताना त्यांनी काय काय दिलं ते तुझ्याशिवाय कुणीच कसं ऐकलं नाही रे?"

एवढं सगळं होईपर्यंत चमचा फिरत राहिला. फेर्मोला ते दिसत होतं. नाव थांबलीय, तार थांबलीय, मग हा कशानं फिरतोय, हे वाक्य त्याच्या डोक्यात पूर्ण तयार होतं. पण त्याच्या पुढे दुसरं वाक्य रांगेत उभं होतं, जास्त महत्त्वाचं, आणि ते त्यानं आधी म्हटलं.

"हात लावू नकोस, मी काढतो!"

बोर्तोलोनं हात घातला. चमचा थोडा मागे सरला. तो आणखी वाकला. चमचा आणखी सरला. मग बोर्तोलोनं शिवी घालून झडप घातली आणि त्याची मूठ त्यावर बंद झाली.

५

गळ तळहाताच्या जाड भागातून आरपार गेला. बोर्तोलो आधी नुसता खवळला. गळ लागणं त्याला नवीन नव्हतं.

"सुरी दे. नाही, पक्कड दे. बघत काय बसलास?"

मग तार सरकली. झटका नव्हता. सावकाश, ठाम अशी ओढ आली आणि बोर्तोलोचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला, छाती फळीवर आपटली. मग ओढ थांबली. ढील मिळाली. त्यानं हात वर खेचला, श्वास घेतला. पुन्हा ओढ. या वेळी खांद्यापर्यंत. पुन्हा ढील.

ही पद्धत फेर्मोच्या चांगली ओळखीची होती. मोठा मासा असाच दमवतात. एकदम ओढलं तर तोंड फाटतं.

त्यानं भावाच्या कोटाचा पट्टा एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातानं सुरी काढली. धुक्यातून तुल्लिओची नाव बाहेर आली होती, आपल्या हद्दीच्या अगदी कडेला. तुल्लिओ उभा राहून पाहत होता.

"कापू नकोस!" बोर्तोलो ओरडला. "तो बघतोय! कापलीस तर पट्टा गेला!"

"मग काय करू?"

"वल्ही मार! भट्टीपर्यंत चल!"

ओढ आली. बोर्तोलोचं डोकं पाण्यात गेलं आणि बाहेर आलं. केस कपाळाला चिकटले होते. पहिल्यांदाच त्यानं मागे वळून फेर्मोकडे पाहिलं. कितीतरी वर्षांनी फेर्मोनं त्याचा चेहरा इतक्या जवळून पाहिला. तो म्हातारा झाला होता.

"काप," तो म्हणाला.

फेर्मोनं पातं तारेवर टेकवलं.

"नक्की?" त्यानं विचारलं.

खिडकीवर तो रोज हेच विचारी. जायचं-यायचं की नुसतं जायचं? नक्की? लोकांना नंतर तक्रार करायला जागा राहू नये. शिवाय कापू नकोस असं आत्ताच हा म्हणाला होता. उद्या गावभर सांगत फिरेल की फेर्मोनं पट्टा घालवला. एवढं एक ठरून जाऊ दे, इतकंच.

बोर्तोलोनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

नुसता पट्टा हातात राहिला. मागच्या फळीवरून बोर्तोलो असा गेला की फारसं पाणीसुद्धा उडालं नाही. चाकावरची तार भिरभिरत सुटली, संपली, कडीशी ताणली गेली. आणि नाव चालू लागली.

वल्ही आडवी पडली होती. नाव जागच्या जागी वळून मागच्या टोकानं, सरळ, पट्ट्याच्या मधोमध चालली होती, चुनाभट्टीच्या दिशेनं.

फेर्मो पालथा पडून पाण्यात पाहत राहिला. उन्हाचा एक तिरका झोत धुक्यातून उतरून पाण्यात खोल गेला होता. त्यात त्यांची तार दिसत होती. ती खाली जात नव्हती, समोर जात होती. आणि ती एकटी नव्हती. तिच्या डाव्या-उजव्या बाजूनं आणखी तारा होत्या, शेवाळ धरलेल्या, सगळ्या एकाच बाजूला निघालेल्या. जवळच्या एका तारेवर काहीतरी फिकट होतं. ते संथपणे स्वतःभोवती फिरत होतं. ओंडका असेल, असं फेर्मोनं ठरवलं. मग ते आणखी वळलं, आणि त्याच्या एका पायात बूट होता.

भट्टीची खूण आली तशी तार ढिली पडली.

६

पाणबुडे आले, पोलीस आले. फेर्मोनं सगळ्यांना तेच सांगितलं, गळ हाताला लागला, तोल गेला. तारेच्या टोकाला त्यांना काही मिळालं नाही. फाट्यांवर चमचेही नव्हते.

तिसऱ्या दिवशी तुल्लिओ भेटायला आला, काळी टोपी घालून, सोबत द्राक्षाच्या दारूची बाटली घेऊन. फेर्मोच्या बायकोनं, इल्देनं, मक्याच्या पिठाचा पोलेंता केला होता. तुल्लिओ दोनदा वाढून घेऊन जेवला.

"पट्टा तुझा," तो तोंड पुसत म्हणाला. "मी स्वतः पाहिलं. नाव भट्टीपर्यंत गेली आणि तार कापलेली नाही. गावात कुणी वेगळं बोललं तर माझ्याकडे पाठव."

"कुणी काय बोलतंय?"

"छे, छे. कुणी नाही." त्यानं ग्लास उचलला. "सुरी तारेवर होती, मग कापली का नाही, असं काही जण विचारतात. मी म्हटलं, घाबरला असेल. कुणाला काही वाटो, तू मुद्दाम वेळ लावलास असं मी तरी म्हटलेलं नाही."

"मी फक्त विचारलं त्याला!"

"विचारलंस?" तुल्लिओनं ग्लास खाली ठेवला. "काय विचारलंस?"

त्यानंतर फेर्मोचं ते पाठच झालं. इल्देला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं, पावाच्या दुकानात कुणी विचारलेलं नसताना सांगितलं. तो आधी नको म्हणाला, मग हो म्हणाला, मी खात्री करून घेतली, यात गैर काय? लोक मान डोलावत आणि पाव घेऊन लवकर निघून जात.

रविवारी सकाळी तो खिडकीत आरसा ठेवून दाढी करत होता. घर पाण्यालगत होतं. दारापासून दगडी पायऱ्या थेट सरोवरात उतरत. खाली पाण्यात, छातीपर्यंत बुडालेला, बोर्तोलो होता.

"फेर्मो," तो गोड आवाजात म्हणाला. "ये रे बाळा. ये माझ्याजवळ."

फेर्मोनं खिडकी लावून घेतली. बोर्तोलोनं त्याला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. झोप झालेली नाही, डोळ्यांना भास होतो, असं म्हणून त्यानं उरलेली दाढी आरशाशिवाय केली.

सोमवारी आवाज रडवेला होता. "थंडी वाजते रे. हात दे." फेर्मो खिडकीआड उभा राहून ऐकत राहिला. त्याच्या लक्षात आलं की बोर्तोलोचे ओठ वाक्य संपल्यावरही थोडे हलत राहतात. तोंडाच्या कोपऱ्यात उन्हानं काहीतरी तांबूस चमकलं. तिथून एक बारीक रेघ मागे, पाण्यात गेली होती. एका चमच्याला मासा येईना की माणूस चमचा बदलतो. त्यानं खिडकीची कडी दोनदा तपासली. आपण काही खुळे नाही, याचं त्याला जरा बरंही वाटलं.

मंगळवारी गावातल्या बायका धक्क्यावर मासळी घ्यायला जमल्या होत्या. खालून आवाज आला, खणखणीत, बोर्तोलोचा, अगदी हुबेहूब.

"मुद्दाम वेळ लावलास तू!"

फेर्मोच्या हातातला कॉफीचा पेला थांबला.

"सुरी हातात होती. बघत बसलास. सांग की सगळ्यांना!"

"खोटं आहे हे," फेर्मो म्हणाला.

"कुणाशी बोलतोस?" इल्देनं आतून विचारलं.

"ऐकू आलं नाही तुला? गावासमोर ओरडतोय तो!"

"कोण ओरडतोय? फेर्मो, कुठे निघालास? पायात चपला आहेत घरातल्या!"

"आलोच. त्याला एक वाक्य सांगून येतो."

तो पायऱ्या उतरला. हे काय आहे ते त्याला पुरतं ठाऊक होतं. सबंध गावात ते त्याच्याइतकं स्पष्ट कुणालाच ठाऊक नव्हतं. बोर्तोलो हातभर अंतरावर होता, तोंड उघडं टाकून, हसत, आणि किंचित एका बाजूला वळत होता.

"आधी नको कोण म्हणालं?" फेर्मो म्हणाला. "तूच म्हणालास ना?"

पाणी घोट्याला लागलं. बोर्तोलो हातभर मागे सरला.

"पळतोस कुठे? ऐकून घे! मी फक्त विचारलं होतं!"

पाणी गुडघ्यावर आलं, मग कमरेवर. बर्फासारखं होतं. पाठीमागून इल्दे त्याला हाका मारत पायऱ्या उतरत होती. तिचं ऐकायचं, मागे फिरायचं, असं त्यानं मनाशी पक्कं ठरवलं. आता जेमतेम अर्धं वाक्य उरलं होतं, आणि बोर्तोलो अजून हातभरच लांब होता.

त्यानं हात पुढे केला.